झिजलेली पायरी: नवी बसवावी की आहे तीच पालथी करावी?

प्रश्न: आमचा जुना वाडा नारायण पेठेत आहे. रस्त्याकडच्या दाराला लाकडी उंबरठा असून त्याच्या बाहेर काळ्या दगडाची एक अखंड पायरी आहे. ती ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद आहे. यजमानांनी एका बाजूने उकरून पाहिले तेव्हा जाडी ९ इंच भरली. मधोमध ती पावणेदोन इंच झिजली असल्याने पावसाळ्यात तिच्यात पाणी साठते. उजवे टोकही अर्धा इंच खचले आहे. पानशेतच्या पुरात पायरी हलली, असे घरात पूर्वीपासून म्हणतात. गेल्या श्रावणात सासूबाई (वय ७८) तिच्यावरून घसरल्या, पण थोडक्यात निभावले. येत्या वैशाखात मुलाचे लग्न आहे. धाकटे दीर म्हणतात की ही काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवू. गवंडी म्हणतो, खड्ड्यात सिमेंट भरून देतो, अर्ध्या दिवसाचे काम आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, ‘ह्यांना याच पायरीवरून नेले, तिला हात लावायचा नाही.’ आम्ही काय करावे? रस्त्यापासून पायरी साडेचार इंच उंच आहे आणि पायरीपासून उंबरठा साडेआठ इंच. दिरांची स्कूटर रोज पत्रा टाकून याच दाराने आत येते, हेही सांगायला हवे.

उत्तर: ताई, आपण मोजमापे घेऊन पत्र लिहिलेत, त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ माझ्यावर आली नाही. माझे मत आधीच सांगतो. पायरी बदलू नका, तिच्यात सिमेंट भरू नका आणि आहे तशी ठेवूही नका. ती उचलून पालथी करून घ्या, म्हणजे आजवर जमिनीकडे असलेली तिची बाजू वर येईल. ९ इंच जाडीचा काळवत्री दगड पावणेदोन इंच झिजला म्हणजे तो संपला असे मुळीच नाही. त्याची एक बाजू वापरून झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्याकडचे जुने पाथरवट झिजलेल्या पायऱ्या अशाच पालटून देत असत आणि आजही हे काम जाणणारे कारागीर आहेत.

काळवत्री दगड मऊ नाही. आपल्या पायरीचा दगड सह्याद्रीच्या त्याच लाव्हाचा आहे, जो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत थंड झाला. असा दगड अनवाणी पायाने झिजत नाही. त्याला झिजवते ती चपलेच्या तळव्याला चिकटून आलेली रस्त्यावरची वाळू. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस पाऊल मधोमधच टाकतो, म्हणून खड्डा मध्ये पडला आणि दोन्ही टोके जवळजवळ मूळ उंचीवर राहिली. एकदा खोलगट भाग तयार झाला की वाळू आणि पाणी तिथेच थांबतात, पाण्यावर शेवाळ धरते आणि झीज आणखी वाढते. सासूबाई घसरल्या त्या दगडाच्या जुनेपणामुळे नव्हे, तर त्या शेवाळावरून.

गवंड्याचा सिमेंटचा उपाय मोह पाडणारा आहे, हे मला ठाऊक आहे, कारण कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या घरी आम्ही तोच केला होता. मध्यभागी सिमेंट दीड इंच जाड बसले, पण खड्ड्याच्या कडांना ते कागदासारखे पातळ झाले, आणि पातळ सिमेंट गुळगुळीत दगडाला धरून राहत नाही. उन्हाने दगड आणि सिमेंट सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात कडेने केसासारखी चीर गेली, पावसाळ्यात तिच्यातून पाणी खाली उतरले आणि दुसऱ्या पावसाळ्यात टाच पडली की बद्द आवाज येऊ लागला. शेवटी तो थर तव्यावरच्या जाड भाकरीसारखा अख्खा सुटून हातात आला. नंतर पाथरवटाने ती पायरी पहारीने उचलली, तेव्हा तिच्या मागच्या कडेला चिकटलेल्या चुन्यात मूळ गवंड्याच्या चार बोटांचे ठसे जसेच्या तसे होते. खालची बाजू टाकीच्या, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीच्या, तिरक्या ओळींनी भरलेली होती आणि त्या ओळी काल मारल्यासारख्या ताज्या दिसत होत्या. ती पायरी पालथी होऊन बसली, ती आजतागायत हललेली नाही.

दिरांच्या ग्रॅनाइटबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ग्रॅनाइट दगड म्हणून कमअस्सल नाही, परंतु चकाकी दिलेला कोणताही दगड ओला झाला की पायाला धरत नाही, आणि आपली पायरी उघड्यावर, पावसात, रस्त्याला लागून आहे. शिवाय बाजारात मिळते ती पाऊण इंचाची पाटी. ती बसवायची तर खाली विटांचे बांधकाम आले आणि पाटीची कड उघडी राहिली, म्हणजे स्कूटरच्या पत्र्याने ती पहिल्याच वर्षी टवकायची. कडप्प्याचीही तीच गत, आणि शहाबादी फरशी आतल्या पडवीत शोभते, दारातल्या पायरीचा मार ती सोसत नाही. जिथे ९ इंचांचा अखंड दगड आधीच आपल्या मालकीचा आहे, तिथे पाऊण इंचाची पाटी पैसे देऊन आणणे मला पटत नाही.

आता कामाकडे वळू. दगडाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्या आणि ती पाहिल्याशिवाय कोणालाही पहार घालू देऊ नका. पायरीची दोन्ही टोके भिंतीत घुसलेली आहेत का, किंवा दाराची चौकट तिच्यावर टेकली आहे का? काही वाड्यांत चौकटीखालचा दगड आणि बाहेरची पायरी एकच असते. तसे असेल तर पायरी उपसणे म्हणजे चौकटीचा आधार काढणे होय. मग टेकू दिल्याशिवाय आणि जाणकार अभियंत्याने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते काम करूच नये. आपण दिलेल्या मापांवरून आणि उंबरठ्याची उंची वेगळी मोजता आली यावरून पायरी सुटी असावी असे दिसते, पण सांध्यातली माती सुरीने खरवडून दोन्ही टोकांना खात्री करा. त्याच वेळी हातोडीने दगडावर हलके ठोके मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. आवाज सगळीकडे खणखणीत आला तर दगड आतून अखंड आहे. एखाद्या जागी तो बद्द झाला तर तिथे चीर आहे, किंवा खालची माती निघून गेली आहे.

उजव्या टोकाला तो बद्द येईल, असा माझा अंदाज आहे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा पायरीखालची माती काही प्रमाणात वाहून गेली असेल, हे शक्य आहे. परंतु पुरामुळे खचलेले टोक पुढची इतकी वर्षे हळूहळू खचत राहत नाही. दाराच्या उजव्या हाताला गच्चीचा किंवा पागोळ्यांचा पाईप उतरतो का, आणि त्याचे पाणी पायरीच्या मुळाशी पडते का, हे आधी पाहा. जुन्या वाड्यांच्या दारांत मी हे कारण पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पाईपाचे तोंड वळवून पाणी गटारात सोडल्याशिवाय पायरी बसवलीत, तर ती चार पावसाळ्यांत पुन्हा तिरकी होईल.

आपल्या दगडाचे वजन हिशोबाने पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरते. त्यामुळे घरातल्या मुलांनी जोर लावून तो उलथवण्याचा प्रयत्न करू नये. बोटे चेमटण्याचे प्रकार अशाच वेळी होतात. पाथरवट आणि त्याचे तीन-चार गडी दोन पहारींनी तो कडेने उचलतात, खाली लाकडी पाचरी सारत जातात, मग लोखंडी पाईपांवरून बाहेर ओढून जुन्या पोत्यांवर पालथा करतात. खालची बाजू बहुधा अनगड निघते, म्हणजे ती टाकीने मठारून सपाट करावी लागते आणि त्यात सुमारे एक इंच जाडी जाते. वरच्या बाजूला टाकीचे बारीक टाचे राहू द्यावेत, ती घासून गुळगुळीत करू नये, कारण ओल्या पायाला तेच टाचे धरतात. बाहेरची धार मात्र हाताला लागणार नाही इतकी गोल करून घ्यावी. पाथरवट ग्राइंडर लावणार असेल तर पाणी मारत लावू द्या आणि त्यांना तोंडावर फडके बांधायला सांगा. दगडाची धूळ छातीला वाईट असते.

उचललेल्या जागेची भुसभुशीत माती घट्ट थर लागेपर्यंत काढून टाकावी आणि तिथे दगडगोटे व खडी ठोकून चुन्याचा गिलावा ओतावा. चुनाच का, हे गवंडी आपल्याला विचारील. सिमेंटमध्ये बसवलेला दगड पुढे कधी उचलायचा झाला तर फोडूनच काढावा लागतो. आपला दगड आज सुखरूप निघू शकतो तो चुन्यात बसवलेला असल्यामुळेच. शिवाय वाड्याच्या भिंती माती-चुन्याच्या आहेत, त्या ओल घेतात आणि सोडतात, आणि त्यांच्या पायाशी सिमेंटचा बंद थर दिला की ती ओल भिंतीतून वर चढू लागते. प्रमाण साधे आहे: विझवून भिजत ठेवलेला चुना १ भाग, सुर्खी (भाजलेल्या विटांची पूड) १ भाग आणि धुतलेली वाळू २ भाग. नुसता चुना हवा लागून हळूहळू कडक होतो, आणि दगडाखाली हवा पोहोचत नाही. सुर्खी मिसळली की तो हवेवाचूनही धरतो, म्हणून ती वगळू नये. सुर्खी नीट भाजलेल्या विटांची असावी, पाडलेल्या घरांच्या राडारोड्यातल्या सिमेंट लागलेल्या विटांची नको. कळीचा चुना घरी विझवू नका. तो उकळून डोळ्यांत उडतो. विझवलेला तयार आणवा.

यातली खरी खुबी पुढेच आहे. दगड पालथा झाल्यावर जुना खड्डा खाली जातो आणि तिथे पोकळी राहिली तर दगड दोन टोकांवर पुलासारखा टेकतो. मग मधोमध जड वजन पडले की तो तडकू शकतो. म्हणून गिलावा सपाट पसरायचा नाही. मधोमध कणकेच्या मोठ्या गोळ्यासारखा उंचवटा करायचा, त्यात दगडाच्या बारीक चिपा खोचायच्या आणि दगड वरून सावकाश उतरवायचा, म्हणजे तो गोळा दबून खड्ड्यात पूर्ण भरतो आणि जास्तीचा चुना कडांनी बाहेर येतो. कडांनी चुना आला नाही तर दगड पुन्हा उचलायला लावा. कारागीर कुरकुर करतील, पण या एका बाबतीत आपण हटू नका. नंतर हातोडीचे ठोके मारून आवाज पुन्हा ऐका.

बसवताना उंचीचा दोषही दुरुस्त करून घ्या. आज रस्त्यावरून पायरीवर साडेचार इंच चढायचे आणि तिथून उंबरठ्यावर साडेआठ इंच, तेही कडेने. खड्ड्यात पाय असेल तर सव्वादहा इंच. म्हातारे माणूस घसरले नाही तरी अडखळते ते अशा असमान पायऱ्यांमुळे, कारण पाय पहिल्या पायरीच्या अंदाजानेच दुसरी पायरी चढतो. पेठांतले रस्ते थरावर थर चढून उंच झाले आणि पायऱ्या खाली गेल्या, हे त्याचे कारण. आपली एकूण चढण १३ इंच आहे, तेव्हा दगड आजच्यापेक्षा २ इंच वर घेऊन बसवा, म्हणजे साडेसहा आणि साडेसहा अशा दोन सारख्या पायऱ्या होतील. मठारल्यावर ८ इंच उरलेला दगड मग दीड इंच जमिनीत राहील. पाणसळ लावून डावे-उजवे टोक एका पातळीत घ्या आणि रस्त्याकडे १४ इंचांत पाव इंच उतार ठेवा. तेवढ्याने पाणी निघून जाते आणि पायाला उतार जाणवत नाही. पायरी रस्त्याकडे पूर्वीपेक्षा बोटभरही पुढे आणू नये. दगड आणि भिंत यांच्यातल्या सांध्यात चुना दाबून भरावा, पण लाकडी उंबरठ्याला चुना किंवा दगड चिकटू देऊ नये, नाहीतर लाकूड खालून कुजते.

त्यानंतर आठ-दहा दिवस पायरीवर पाय पडता कामा नये. कडेच्या चुन्यावर ओले गोणपाट टाकून ठेवा आणि रस्त्यापासून थेट उंबरठ्याच्या आत जाड फळी टाकून ये-जा करा. म्हणून हे काम फाल्गुनातच उरकावे. वैशाखात करायला गेलात तर उन्हाने चुना भाजून निघेल आणि लग्नघराची वर्दळ थांबवता येणार नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी अडचण मानत नाही. ज्या दगडावरून त्यांच्या यजमानांना नेले तो दगड दारातच राहावा, ही त्यांची इच्छा आहे, आणि मी सुचवलेल्या उपायाने तो दारातच राहतो. राडारोड्याच्या गाडीत जात नाही. ‘पालथा’ हा शब्द मात्र त्यांना खटकेल. त्यांना असे सांगा की, मामंजींनी ज्या बाजूवर पाऊल ठेवले ती बाजू आता घराच्या पायाशी जपून ठेवायची आहे, आणि नव्या सुनेसाठी दगडाची कोरी बाजू वर यायची आहे. हे मी समजूत घालण्यापुरते लिहीत नाही; खरोखरच तसेच होणार आहे. काम सुरू करण्यापूर्वी त्यांच्याच हाताने त्या जागेची हळदकुंकवाने पूजा करवा आणि गिलाव्यात सुपारी व नाणे त्यांनाच ठेवू द्या. ज्यांचा विरोध होता त्यांच्याच हातून कामाचा आरंभ झाला की घरात दोन तट राहत नाहीत. त्यांच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला, उजव्या हाताला, धरायला एक लाकडी दांडाही बसवून घ्या.

आपला वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे एकदा महापालिकेत विचारून घ्यावे. यादीत असेल तर दर्शनी भागाच्या कामाला आधी परवानगी लागते, आणि त्याच दगडाची दुरुस्ती करतो असे सांगणे नवा दगड बसवतो असे सांगण्यापेक्षा सोपे जाते.

दगड उचलल्यावर खाली आरपार चीर निघाली, तर मात्र नवा घ्यावा लागेल. तो काळवत्रीच घ्या, वाघोलीच्या बाजूच्या खाणींचा मिळतो, आणि निवडायला पाथरवटाबरोबर स्वतः जा. त्या खाणींतल्या दगडांच्या पोकळ्यांत सापडणारी पांढरी, हिरवी, निळी खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत, परंतु पायरीसाठी पोकळ्यांचा दगड कामाचा नाही, कारण तो भोकाभोवतीच झिजू लागतो. घट्ट, एकसारख्या कणाचा, ठोकल्यावर खणखणणारा दगड निवडा. रंग जुळतो का ते दोन्ही दगड ओले करून पाहा, कारण कोरड्या दगडावरची धूळ फसवते. अशा वेळी जुना दगड दोन तुकडे झालेला असला तरी टाकू नका, तुळशीवृंदावनाशी पायरी म्हणून तो बसेल.

राहिली दिरांची स्कूटर. पायरीच्या बाहेरच्या कडेला टवके असतील तर ते त्या लोखंडी पत्र्यानेच उडाले आहेत, कारण पत्र्याची धार रोज एकाच जागी आपटते. चुना नवा असताना महिनाभर तरी स्कूटर बाहेर लावायला सांगा. त्यानंतर सुताराकडून फळीची उतरण करून घ्या, जिचे वरचे टोक पायरीवर न टेकता उंबरठ्याच्या आत जमिनीवर टेकेल आणि जिच्या खाली पायरीशी येणाऱ्या जागी जुन्या टायरची पट्टी ठोकलेली असेल. हे माप सुताराला पायरी बसल्यावरच घेऊ द्या, आधी नको, कारण पायरी २ इंच वर येणार आहे.